झाकण ठेव आणि ढवळू नकोस

४ जानेवारी

चि. बाळ यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला 'बाळ' लिहिताना माझी लेखणी अजिबात अडखळत नाही, कारण तुझं वागणंच तसं आहे. फोन करणार होते, पण फोनवर तू हो ताई, हो ताई करतोस आणि ठेवून देतोस. कागदाला हो-हो करून कटवता येत नाही.

काल तुझ्या लेकीचं पत्र आलं. दुकानात पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळता आवळता तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, वही बांधायला द्यायला आलेल्या संगीताच्या बाईंनी तुला पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि साखरपाणी पाजलं, हे मला तिच्याकडून कळावं? वर डॉक्टरांना तू छातीठोकपणे सांगितलंस म्हणे की सकाळी नाश्ता झाला होता. चहात बुडवलेल्या बिस्किटाला नाश्ता म्हणणारा माणूस पुस्तकं बांधतो तरी कशी, कोण जाणे.

चिमीने आता फर्मान काढलं आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत बाबा रोज सकाळी पोटभर खात आहेत असं तिला दिसलं नाही, तर दुकानाला कुलूप लावून ती तुला आपल्याकडे नेणार. खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावले आहेत, असं लिहिते. मालाची खेप मागवावी तसा तिचा सूर! माझं डोकंच फिरलं. बाप आहे का पार्सल? पण राग गिळून पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि मुलगी चूक नाही हे लक्षात आलं. त्यामुळे तर जास्तच संताप आला.

तुझी बायको जाऊन वर्ष झालं. ती असताना तू स्वयंपाकाला कधी हात लावला नाहीस, हे मला माहीत आहे. आता लाव. नर्सेसचं होस्टेल मी जन्मभर सांभाळलं. माझी एकही मुलगी उपाशीपोटी ड्यूटीवर गेली नाही, आदल्या दिवशी घरची आठवण येऊन कितीही रडलेली असो. त्या सगळ्यांना मी ओट्सवर उभं केलं. तेच तू करायचंस.

किराणा दुकानातून साधे चपटे ओट्स आण. मसाल्याची पुडी घातलेली, गरम पाणी ओता आणि खा म्हणणारी पाकिटं आणलीस तर माझ्याशी गाठ आहे. एक वाटी ओट्स कोरड्या भांड्यात मंद आचेवर भाज. भाजल्या शेंगदाण्यांसारखा वास सुटला की थांब. दुसऱ्या भांड्यात एक वाटी पाणी, एक वाटी दूध आणि चिमूटभर मीठ उकळ, त्यात ओट्स घाल, आच कमी कर, शिजू दे. मीठ आधीच घालायचं. गोड खायचं असलं तरी घालायचं. मागाहून घातलेलं मीठ वेगळं बसून राहतं, नव्या सुनेसारखं.

कसं झालं ते कळव. लोभ आहेच, आता भूकही असू दे.

तुझी,
ताई

*

११ जानेवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझा हुकूम शिरसावंद्य मानून ओट्स आणले. दुकानदाराने पुड्या पुढे केल्या होत्या, पण तुझा चेहरा आठवला आणि हात मागे घेतला.

भाजण्यापर्यंत सगळं ठीक झालं. वास खरंच छान सुटला. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही, माझा हात जबाबदार आहे. पन्नास वर्षं मी चुलीवर एकच गोष्ट शिजवली, ती म्हणजे मैद्याची खळ. खळीचा पहिला नियम असा की हात थांबता कामा नये. हात थांबला की गुठळी झाली, आणि गुठळी झाली की पानाखाली फोड आला. मी ओट्स पाण्यात सोडले आणि हात आपोआप फिरू लागला. फिरता फिरता असा सुरेख एकजीव, तुळतुळीत लगदा झाला की मी दोन बोटांत घेऊन ताणून पाहिला. ताई, तार येत होती! याच्यावर पुस्तकाची चामड्याची पाठसुद्धा चिकटली असती.

खाल्ला. तुझ्या भीतीने खाल्ला. दुपारपर्यंत भूक लागली नाही हे खरं, पण तोंड उघडायलाही जमेना. शेजारच्या घड्याळजीला वाटलं माझा कुणाशी तरी अबोला आहे.

चिमीचा मला राग नाही. पण तिच्याकडे मी दिवसभर करू काय? पडदे बघत बसू? इथे खाली दुकान, वर घर. सकाळी जिना उतरलो, कागदाचा वास आला की मला मी कोण आहे ते कळतं. तिला हे सांगायला गेलो तर म्हणाली की ओळख पटायला आधी शुद्धीवर असावं लागतं. जीभ तुझ्यावर गेली आहे.

तब्येतीला जप. तुझा राग माझ्यावर असाच राहावा, तो गेला तर मला करमणार नाही.

तुझा,
बाळ

*

१६ जानेवारी

चि. बाळ यास,

अ. आ., वि. वि.

ढवळू नकोस! हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून चुलीवर डकव. डकवायला तुझ्याकडे गेल्या आठवड्याचा नाश्ता असेलच.

ओट्स जितके ढवळावेत तितका त्यातला चिकटपणा बाहेर येतो. घातल्यावर एकदा, मध्ये एकदा, आणि बस. मग आच बंद कर, झाकण ठेव आणि भांड्याकडे पाठ करून उभा राहा. झाकणाखाली वाफेवर ते आपापले फुलतात. दाणा दिसला पाहिजे, दाताला लागला पाहिजे. लहानपणी मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये होते तेव्हा आमची स्वयंपाकघरातली सिस्टर मोठ्या डेगीत लाकडी दांड्याने प्रार्थना संपेपर्यंत ढवळत असे. त्यामुळे काय व्हायचं ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, आता पुन्हा जीव घाबरा करून घेत नाही.

आता चवीचं. रोज एकच चव खाशील तर आठवड्यात पुन्हा बिस्किटांकडे वळशील, तेव्हा बदलत राहा. सफरचंद किसून दुधातच घाल, वरून दालचिनी. साखरेची गरज पडत नाही. पिकलेलं केळं कुस्करून घातलं तर गूळसुद्धा नको. खजूर आणि अक्रोड एकत्र घाल, एकटा खजूर गोडमिट्ट लागतो. पोट खरं धरतं ते अंड्याने: आच बंद करायच्या जरा आधी एक अंडं फेटून बारीक धारेने सोड. तेवढ्यापुरतं ढवळायची परवानगी आहे, म्हणून लगेच शेफारू नकोस.

गोडाचा कंटाळा आला की तिखटामिठाचे कर. दूध अजिबात नाही, नुसतं पाणी. लोण्यात कांदा-लसूण परत, टोमॅटो घाल, तो गळला की त्यातच पाणी, ओट्स आणि भरपूर मिरी. वर चीज किसून घातलंस तर माझ्या होस्टेलमधल्या मुलींसारखा दुसऱ्यांदा ताटली घेऊन रांगेत उभा राहशील. एक मुलगी तर या ओट्सच्या नावाने शपथा घ्यायची. आज ती मोठ्या इस्पितळाची मेट्रन आहे.

आणि ज्या दिवशी शिजवायचा आळस येईल त्याच्या आदल्या संध्याकाळी दह्यात थोडं दूध घालून ओट्स भिजव, बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेव. सकाळी वर शेंगदाण्याचा कूट आणि मध. एवढं तर कुणालाही जमेल. तुलाही.

लोभाची काळजी नको, हाताला आवर.

तुझी,
ताई

*

२ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझा भाऊ आता सकाळी नऊ ते दोन शिकंजा फिरवतो आणि मध्ये खुर्ची शोधत नाही. पँटचा पट्टा एक भोक मागे सरकला आहे. घड्याळजी म्हणाला की माझे गाल परत आले.

टोमॅटोवाले पहिल्या नंबरावर. त्याच्या वासाने घड्याळजी रोज काहीतरी निमित्त काढून वर येतो, काल तर किल्ली मागायला आला, स्वतःच्याच दुकानाची. अंड्याचे दुसऱ्या नंबरावर. सफरचंदाचे इतके आवडले की भरपूर करून बरणी भरून ठेवली, दोन-तीन दिवस पुरवली. गरम करताना थोडं दूध घातलं की पुन्हा ताजे.

एक कबूल करतो. ढवळणं अजून सुटलेलं नाही. कमी झालंय. भांड्यासमोर रिकाम्या हाताने उभं राहणं मला जमत नाही, का ते विचारू नकोस. चव मात्र उत्तम येते, दाणा दिसला नाही म्हणून काय बिघडलं?

चिमीला मी सगळं कळवलं आहे. ती महिनाअखेरीस प्रत्यक्ष पाहायला येते म्हणते. येऊ दे, भिणार कोण!

तुझ्या शिव्यांचा ओघ असाच चालू राहावा.

तुझा,
बाळ

*

१२ फेब्रुवारी

ति. आत्यास,

सा. न. वि. वि.

बाबांनी तुला हे कळवलं नसणार, म्हणून मी कळवते. संगीताच्या बाईंनी त्यांची स्वरलिपीची जुनी वही बाबांकडून बांधून नेली होती. परवा त्यांनी ती परत आणून दिली. वहीला दालचिनीचा वास येत होता. पाठीवर मुंग्यांची रांग लागली होती, आणि त्यांचं मांजर रोज ती पाठ चाटत बसायचं. बाबांनी खळीच्या बरणीऐवजी सफरचंदाच्या ओट्सची बरणी दुकानात नेली आणि त्याने वही चिकटवली.

घड्याळजीकाकांनी फोनवर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे, आत्या. एका बरणीतलं दुसऱ्या बरणीत जाऊ नये, हे पाहणं हेच माझं काम. कीड लागू नये म्हणून बाबा खळीत मोरचूद घालतात, हे तुलाही माहीत आहे. ते विष आहे. आज नाश्ता वहीत गेला. उद्या खळ पोटात गेली तर?

तू त्यांना मनापासून शिकवलंस हे मी मानते. पण दोन सारख्या बरण्या, दोन सारखे पांढरे लगदे आणि घरात एकटा माणूस, हे माझ्याने सहन होत नाही. मी महिनाअखेरीची वाट पाहत नाही. येत्या रविवारी जाते आणि त्यांना घेऊन येते. ते ऐकणार नाहीत, पण तुझं ऐकतील. तू समजावून सांग.

तुझी माया अशीच राहो, मी तुझ्याविरुद्ध वागले तरी.

तुझी,
चिमी

*

१४ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तासभर घरात येरझाऱ्या घातल्या. भांडायला मुद्दा शोधत होते, सापडला नाही. मोरचुदाचं तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि बरणीत भरून ठेवायचा सल्ला माझा होता. तरी मी त्याला सांगितलं होतं की दाणा दिसला पाहिजे! दाणे दिसत असते तर आंधळ्यानेही त्या ओट्सनी वही चिकटवली नसती. तो ढवळतो म्हणून दोन्ही बरण्या सारख्या दिसतात. खोड एकच आहे आणि ती हातात आहे, डोक्यात नाही. तुझा बाप म्हातारा झालेला नाही, तो फक्त बाइंडर आहे.

त्याला मी तातडीने लिहिलं आहे की खळ ह्यापुढे जिन्याची पायरी चढणार नाही. ती दुकानातच शिजेल, दुकानातच राहील, तीही पत्र्याच्या डब्यात. वर स्वयंपाकघरात काचेची एकही बरणी दिसता कामा नये. रोजचे ओट्स रोज करायचे, उरवायचे नाहीत.

समजावून सांग म्हणतेस, ते मी करणार नाही. तू रविवारी जा. पण नेण्यासाठी आलेय असं दारातच जाहीर करू नकोस. सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात एक स्टूल घेऊन बस आणि तो काय करतो ते कारखान्यात पाहतेस तसं पाहा. तिथे तू एकदा पाहून सगळी खेप नापास करत नाहीस ना? मग बापाला करू नकोस. पाहून झाल्यावर तुला जे वाटेल ते कर, मी मध्ये अवाक्षर काढणार नाही. हे वचन मला फार जड जातंय, याची नोंद घे.

विरुद्ध वागलीस म्हणून माया आटत नाही. विरुद्ध वागायचं आपल्या घरात शिकवलंय कुणी?

तुझी,
आत्या

*

२३ फेब्रुवारी

ति. आत्यास,

सा. न. वि. वि.

मी बाबांना न घेता परत आले. का ते सांगते.

रविवारी पोचले तेव्हा पत्र्याचा डबा दुकानात होता, त्यावर कवटीचं चित्र काढलेलं. वर एकही बरणी नव्हती. लोणच्याचीही नाही, तुझी दहशत आहेच तशी. सोमवारी सकाळी मी स्टुलावर बसले. बाबांनी ओट्स भाजले, कांदा-टोमॅटो परतून त्यात पाणी उकळलं, मीठ टाकलं, ओट्स घातले, एकदा ढवळले. मग चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाले की मी परत मागितला तर देऊ नकोस.

थोड्या वेळाने त्यांनी मागितला. मी दिला नाही. पुन्हा मागितला, या खेपेला जरा चिडून. मी चमचा पाठीमागे धरला. मग ते दोन्ही हात मागे बांधून भांड्यासमोर उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. त्यांची बोटं मागच्या मागे फिरत होती, आत्या. मी न राहवून विचारलं की एवढं काय अवघड आहे.

तेव्हा त्यांनी सांगितलं. आई चुलीपाशी असायची आणि मी आता बसले होते त्याच स्टुलावर बाबा बसायचे. बांधायला आलेल्या पुस्तकांतलं त्या दिवशी जे हाती लागेल ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. प्रवासवर्णन असो, रेल्वेचा जुना अहवाल असो, कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तक असो. आई सगळ्याला हुंकार द्यायची. आता त्या चुलीपुढे रिकाम्या हाताने उभं राहिलं की सगळं घर ऐकू येतं, म्हणून ढवळतो, असं म्हणाले.

मी खाली गेले आणि बांधायला आलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक आणलं. त्यांना झाकण ठेवायला सांगितलं आणि पुस्तक हातात दिलं. मधमाश्या पाळण्यावरचं निघालं. त्यांनी राणीमाशीबद्दल एक अख्खं प्रकरण वाचलं. हुंकार मी दिला. झाकण उघडलं तेव्हा दाणान् दाणा सुटा होता.

मी दोनदा वाढून घेतलं. टोमॅटोचे होते, वर चीज. दुपारी दोनपर्यंत मला भुकेची आठवण झाली नाही, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी स्वतः रोज सकाळी काय खाते. गाडी चालवताना चहा, एका हाताने. बाबांनी विचारलंच. मी नाश्ता होतो असं छातीठोकपणे सांगितलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पाच दिवस मी रोज तपासलं. शुक्रवारी चमचा माझ्याकडे द्यायचं ते विसरले आणि तो ओट्याच्या पलीकडच्या टोकाला तसाच पडून राहिला. ते वाचत होते. मी त्यांना पास केलं. दुकान चालू राहील. पडदे लावलेली खोली त्यांच्यासाठीच राहील, पण ते मनात येईल तेव्हा येतील आणि त्यांना वाटेल तेव्हा जातील. निघताना त्यांनी मला भाजलेल्या ओट्सचा डबा दिला आणि तुझ्यासाठी एक पोस्टाने पाठवतो म्हणाले.

तू वचन पाळलंस, अवाक्षर काढलं नाहीस. किती त्रास झाला असेल ते मला कळतं. लोभ वाढता राहू दे.

तुझी,
चिमी

*

२५ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि.

मी राहिलो! संगीताच्या बाईंची वही पुन्हा खऱ्या खळीने बांधून दिली. मांजर नाराज आहे, बाई खूश आहेत.

सोबत डबा पाठवत आहे. माझ्या हाताने भाजलेले आहेत, तुला नावं ठेवायला जागा नाही. आता एक विचारतो, रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण उत्तर दे. तुझी सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. मला कसं खायचं, होस्टेलच्या मुलींनी काय खाल्लं, सगळं आहे. मी आज खाल्लं, असं एकाही पत्रात नाही. बोर्डिंगमध्ये तू सिस्टरची पाठ वळली की लापशी खिडकीतून जिरेनियमच्या कुंड्यांत ओतायचीस आणि त्या वर्षी फुलांना बक्षीस मिळालं, हे मला तूच भेटीच्या दिवशी सांगितलं होतंस. होस्टेलच्या मुलींना इतक्या तऱ्हांनी खायला घातलंस ते याचसाठी ना, की तुझ्यासारखी वेळ कुणावर येऊ नये? आणि तू? तू सकाळी काय खातेस, ताई?

चिमीला विचारणार होतो, पण ती तपासणीसाठी थेट तुझ्याकडे येऊन बसली असती. म्हणून तुलाच विचारतो.

उत्तर आलं नाही तर डबा घेऊन मी स्वतः येईन, चमच्यासकट.

तुझा,
बाळ

*

५ मार्च

चि. बाळ यास,

अ. आ., वि. वि.

मोठ्या बहिणीची उलटतपासणी घेताना लाज वाटत नाही? मी काय खाते ते माझं मी बघते. पाव खात होते. उभ्याने. झालं समाधान?

डबा मिळाला. जरा जास्तच भाजले आहेस. पहिल्या दिवशी मी तो नुसता उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, एवढी मोठी बाई आणि एका मेलेल्या सिस्टरला भिते! टोमॅटो-कांद्याचे केले. एकदा ढवळले, मध्ये एकदा, आणि झाकण ठेवलं. मग तू चिमीला म्हणालास ते माझ्या अनुभवाला आलं. घरात इतकं शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. मी तुझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचत उभी राहिले.

दाणा दाताला लागला. ताटली पुसून खाल्ली. जिरेनियमला काही मिळालं नाही.

आता एक तक्रार आहे आणि ती तू गंभीरपणे घे. तुझं पत्र फार लवकर संपतं. झाकण काढायला अजून वेळ असतो आणि माझ्या हातात वाचायला काही उरत नाही. रोज तेच पत्र वाचून ते आता मला पाठ झालं आहे. ह्यापुढे जरा लांब लिहीत जा, आणि डबा संपत आला आहे.

तुझी,
ताई